नऊ हजार दोनशे त्र्याऐंशी

परळला आमची चाळ आणि म्हशींचा तबेला यांच्यामध्ये एक पत्र्याची शेड होती, ती माझ्या बाबांची. बाबा म्हणजे गणपत मिस्त्री. आधी ते एका गिरणीच्या मोटारखात्यात लॉऱ्या दुरुस्त करायचे, मग साहेबाशी वाजलं आणि स्वतःची शेड टाकली. आमच्या घरात कुणाशी तरी वाजणं ही नवलाची गोष्ट नव्हती. मलाही ते लागलेलं आहे आणि या वयात ते लपवायचा मला कंटाळा येतो. तर या शेडमध्ये एका सकाळी रेतीच्या गाडीचे दोन बैल जुंपून एक लोखंडी धूड ओढत आणलं. पुढची चाकं लहान, मागची माणसाच्या छातीएवढी आणि तीही नुसती लोखंडी, टायर नाहीतच. बसायला पत्र्याचं एक खोलगट आसन. सगळ्या अंगावर गंजाच्या पापुद्र्या. चाळीतली माणसं गॅलरीत येऊन बघायला लागली. कुणी म्हणालं रस्ता दाबायचा रूळ असेल, कुणी म्हणालं रणगाड्याचं पोर आहे. बाबा भोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "ट्रॅक्टर हा ह्यो. पण खंयचो, ता देवाक ठावक." आये कणेरीच्या पेजेचा टोप हातात घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "ह्या मढा हंयसर कित्याक हाडलात?" आणि तिनं टोप जमिनीवर असा आपटला की आम्हाला त्या दिवशी थंड पेज मिळणार हे कळून चुकलं.

ते मढं हिरूबायचं होतं. हिरूबाय म्हणजे आमची कोळीण, प्रभादेवीच्या पलीकडे समुद्राला लागून असलेल्या कोळीवाड्यातली. पंधरा वर्षं आमच्या चाळीत टोपली घेऊन यायची, आणि बांगडा शिळा निघाला तर स्वतःच शिव्या घालायची, म्हणजे गिऱ्हाइकाला तोंड उघडायची सोय नाही. आदल्या वर्षी पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर चढवताना तिचा नवरा गेला. होडी वर घेताना खाली लाकडाचे ओंडके घालतात आणि वीस-पंचवीस माणसं दोर ओढतात. काही जण मागून खांदा लावतात, आणि ज्याची होडी त्या घरचा माणूस सगळ्यांत मागे, मधोमध उभा राहतो. हा त्यांचा रिवाज. दुसऱ्याच्या पोराला त्या जागी उभं करायचं नाही. तर त्या दिवशी दोर सुटला, होडी उतारावरून मागे आली आणि मागच्या माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळाला नाही. हिरूबाय तेव्हा पुढे दोरावर होती. हे तिनं आम्हाला एकदाच सांगितलं, टोपलीतली सुरमई कापता कापता, आणि सुरी थांबवली नाही.

आता त्या वर्षी तिच्या होडीत इंजिन बसवलेलं, म्हणजे होडी आणखी जड. आणि मागे उभा राहणार कोण, तर तिचा एकुलता एक पोरगा पांडू, वीस वर्षांचा. गोदीजवळच्या दारूखाना भागातला एक भंगारवाला तिच्याकडचीच मासळी खायचा. त्याच्या ढिगात हे धूड तिला दिसलं, आणि हे गाडे जड वस्तू ओढतात एवढं तिला कुणीतरी सांगितलं. तिनं ते त्याच्याकडून मागून घेतलं आणि बाबांच्या पुढ्यात आणून टाकलं. "मिस्त्री," ती म्हणाली, "वैशाखी पुनवेच्या भरतीला पानी लय वर येतं. तवा होरी वर घ्यायची. मानसाच्या खांद्यावर मी नाय घेनार. ई वस्तू चालंल का नाय, ते सांग." बाबांनी पुन्हा एक चक्कर मारली. "चालात," म्हणाले. मला त्यांचा आवाज ओळखीचा होता. तो नक्की ठाऊक नसतानाचा आवाज होता.

मी तेव्हा अठराची. मॅट्रिक झालेली, इंग्रजीत शाळेत पहिली आलेली, आणि ते कुणाला विसरू द्यायची नाही अशी. टायपिंगच्या क्लासला जायची आणि उरलेला वेळ शेडमध्ये काढायची, कारण बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि डब्यांवर, पुस्तकांवर, सुट्या भागांवर सगळीकडे इंग्रजी. मुलगी असून हात काळे करते म्हणून चाळीतल्या बायका नाकं मुरडायच्या. मुरडोत. नट फिरवताना तो सैल झाल्याचं बोटांना कळतं, ते सुख त्यांच्या नाकांना काय ठाऊक! तर आम्ही दोघं त्या ट्रॅक्टरची ओळख पटवायला बसलो. मॉडेल कळल्याशिवाय त्याचा स्वभाव कळणार नव्हता. बॉनेटवर नावाची पट्टी होती तिथे आता चार भोकं. गिअरपेटीवर ओतीव अक्षरं होती. घासून काढली तर 'मेड इन' एवढं निघालं आणि त्यापुढचा तुकडाच उडालेला. रंग खरवडला तर वर हिरवा, त्याच्याखाली खाकी, त्याच्याखाली निळा. खाकीवरून बाबांनी काढलं की लढाईत कुठल्यातरी विमानतळावर विमानं ओढत असणार. शेजारच्या गल्लीतला एक म्हातारा फिटर येऊन म्हणाला, विलायती. दुसरा म्हणाला, छट्, अमेरिकन, विलायतवाले एवढा ओबडधोबड माल करत नाहीत. दोघांची शेडमध्येच जुंपली, आणि आयेनं दोघांनाही चहा न देता घालवलं.

मग मला नंबर सापडला. इंजिनाच्या ब्लॉकवर, एका बाजूला, वंगणाच्या इंचभर थराखाली, छिन्नीनं ठोकलेले चार आकडे. मी रॉकेलनं धुतले, तारेच्या ब्रशनं घासले आणि वाचले. नऊ, दोन, आठ, तीन. आठाचं वरचं तोंड जरा उघडं राहिलं होतं. म्हटलं छिन्नी घसरली असेल. "नऊ हजार दोनशे त्र्याऐंशी!" मी ओरडले. बाबांनी माझ्या डोक्यावर तेलकट हात ठेवला. कोट भागात परदेशी यंत्रं विकणारी एक पेढी होती, तिला मी झोकदार इंग्रजीत पत्र टाकलं, की अमुक इंजिन नंबर, कृपया मॉडेल व सूचना-पुस्तक कळवावे. आठवड्यानं उत्तर आलं की असा नंबर आमच्या कोणत्याही नोंदीत नाही. मी आणखी दोन ठिकाणी लिहिलं. दोन्हीकडून नकार. तो नंबर मला झोपेतसुद्धा दिसायला लागला होता. चूक त्या पेढ्यांची आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

पौर्णिमा जवळ येत होती. मॉडेल कळलं नाही तरी बाबांनी काम चालू ठेवलं होतं. पिस्टन चिकटले होते ते रॉकेल आणि तेल ओतून, दिवस दिवस भिजवून सोडवले. पाण्याच्या टाकीची भोकं डाख लावून बुजवली. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो उघडून, वाळवून, पुन्हा बांधला. तो हातानं फिरवून मी तारेला बोट लावलं तेव्हा असा झटका बसला की मी तबेल्याच्या भिंतीवर जाऊन आदळले, आणि बाबा खूश झाले. राहिल्या प्लगच्या वायरी. जुन्या उंदरांनी खाऊन टाकलेल्या, त्यामुळे कुठली कुठे जात होती याचा मागमूस नाही. आता हे एवढं समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. इंजिनाचे सिलिंडर चार. चारांत ठिणगी एकापाठोपाठ एक पडते, पण सरळ ओळीनं नाही, ठरलेल्या क्रमानं. क्रम कंपनी ठरवते. तो चुकला तर भलत्या वेळी भलत्या ठिकाणी पेट्रोल पेटतं. बाबांनी वीस वर्षं ज्या लॉऱ्या केल्या त्या सगळ्यांचा क्रम एक-तीन-चार-दोन. त्यांनी विचारसुद्धा केला नाही. हातानं सवयीनं तशा वायरी लावल्या. मीही विचारलं नाही.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे, हे मला वेगळं सांगायला नको. गोळीबाराला चार महिने झाले होते, तरी गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची निळी गाडी उभीच असे आणि जमावबंदी लागे, उठे, पुन्हा लागे. संध्याकाळी आम्ही पोरी हातानं लिहिलेली पत्रकं वाटायचो. मी घोषणा देण्यात पुढे, माझा गळा मोठा. आमच्या मजल्यावरच्या राणेकाकींचा दत्तू त्या गोळीबारात गेला होता. मोर्चातसुद्धा नव्हता तो, नाक्यावर काय चाललंय बघायला गेला होता. तेव्हापासून काकी फारसं बोलत नसत. दुपारी गॅलरीत बसून तांदूळ निवडायच्या, निवडलेले पुन्हा निवडायच्या.

त्या दुपारी बाबांनी पेट्रोल घातलं. हे इंजिन पेट्रोलवर चालू करायचं आणि तापलं की रॉकेलवर घ्यायचं असं होतं. हिरूबाय आणि पांडू आले होते. पांडूनं पुढचं हँडल धरलं, बाबा कार्बोरेटरवर वाकले, मी मागे. पहिला फेरा, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला असा बार झाला की शेडचे पत्रे थरारले, आणि लगेच दुसरा. कार्बोरेटरमधून हातभर जाळ बाहेर आला, बाबांच्या दोन्ही हातांवर. मी गोणपाट दाबून धरलं, पांडूनं वाळू टाकली, जाळ विझला. तबेल्यात म्हशी दावी तोडायला लागल्या. आणि तेवढ्यात चाळीच्या जिन्यावरून राणेकाकी खाली आल्या. अनवाणी, पदर सुटलेला. नाक्याच्या दिशेनं धावत ओरडत होत्या, "दत्तू, घरात ये! दत्तू, आधी घरात ये!" आयेनं धावत जाऊन त्यांना मागून मिठी घातली. गल्लीतली सगळी दारं धडाधड बंद झाली होती. मला त्या क्षणी एवढी लाज वाटली की हातातलं गोणपाट मला खाली टाकता येईना. आम्ही गोळीचा आवाज केला होता, त्या गल्लीत, त्या बाईच्या दाराखाली.

पोलीस आलेच. फौजदार मराठीच होता, नायगावच्या पोलीस लाइनीत राहणारा. त्यानं शेड उलटीपालटी केली, बाबांचे भाजलेले हात बघितले, ट्रॅक्टर बघितला. मग जरा नरमून पण स्पष्ट म्हणाला, "मिस्त्री, तुमचं खरं मानतो. पण आणखी एक बार ऐकू आला तर शेडला टाळं आणि तुम्ही आत. वरून मला जाब द्यायचा असतो." तो गेल्यावर हिरूबाय उठली. बाबांच्या हातांकडे बघत म्हणाली, "ऱ्हाऊं दे मिस्त्री. लय केलंस. पांडू राहील मागं. त्याच्या बापाची जागा हाय." तिनं हे इतकं सरळ सांगितलं की मला ओरडावंसं वाटलं. पौर्णिमेला तीन दिवस होते.

बाबांचे दोन्ही हात के.ई.एम. हॉस्पिटलमधून पांढरे गुंडाळून आणले. त्यांना भरवायला लागायचं. आये कुळथाची पिठी आणि भाताचे घास त्यांच्या तोंडात घाले आणि प्रत्येक घासाला त्या ट्रॅक्टरच्या सात पिढ्या उद्धरी. बाबा मुकाट्यानं गिळत. घास संपला की म्हणत, "मॅग्नेटोच खोटो हा." मी मॅग्नेटो पुन्हा उघडला, पुन्हा बांधला, ठिणगी झक्क. मग मला वाटलं, नंबरचीच कुठेतरी चूक आहे. पेढीला आकडे जसेच्या तसे दाखवायचे. मी ब्लॉकवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली, आणि आकड्यांचा ठसा कागदावर उतरवला. घरी येऊन पाकिटावर पत्ता लिहायला बसले. कागद जमिनीवर पडला होता.

आये तव्यावरचे बांगडे उलटून माझ्यामागून चालली होती. ती चाळीतल्या साक्षरतेच्या वर्गात चाळिसाव्या वर्षी वाचायला शिकली होती. त्या दिवसांत दिसेल ते वाचायची, रेशनकार्ड, काडेपेटी, भिंतीवरच्या घोषणा, सगळं मोठ्यानं, बोट ठेवून. इंग्रजीचं तिला एक अक्षर ठाऊक नव्हतं. ती वाकली आणि वाचली, "एक. दोन. चार. तीन." आणि मला म्हणाली, "ह्या कोणी लिवला गो? तेका चाराच्या आधी तीन येता ता ठावक नाय?"

माझा पेन थांबला. मी कागद उचलला. अहो, मराठी १ आणि इंग्रजी 9 शेजारी शेजारी लिहून बघा. मराठी ४ आणि वरून तोंड उघडं राहिलेला इंग्रजी 8. दोन आणि तीन तर दोन्हीकडे जवळजवळ सारखेच. १२४३. तो इंजिनाचा नंबर नव्हताच! आमच्याआधी कधीतरी, कुठल्यातरी गोदीत नाहीतर तळावर, कुणा मराठी मिस्त्रीनं ते इंजिन खोललं होतं. पुन्हा जोडताना विसरायला नको म्हणून ठिणगीचा क्रम स्वतःच्या भाषेत छिन्नीनं ठोकून ठेवला होता. एक-दोन-चार-तीन. आमच्यासारख्याच कुणासाठी. आणि मी, जी संध्याकाळी नाक्यावर मराठीसाठी गळा फाडत होते, तिला लोखंडावर मराठी असू शकेल हे सुचलंसुद्धा नाही. बाबांचे हात माझ्या इंग्रजीनं भाजले होते. मी रडले. आयेला वाटलं बांगडे करपले म्हणून रडते. तिनं माझ्या पाठीत एक हलकी चापट मारली.

बाबा मात्र मानेनात. "तां लोखंड हा गो. लोखंडावर आकडो इंग्लिशच असता. वीस वर्सां बघतंय." मी म्हटलं, "बाबा, ज्यानं ठोकलं तो तुमच्यासारखाच असेल. तुम्ही ठोकलं असतं तर कशात ठोकलं असतं?" त्यांनी आपल्या गुंडाळलेल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "कागदाचे बोळे कर. चार." आम्ही शेडचं दार लोटून घेतलं. चारी प्लग काढले, भोकांत ओल्या कागदाचे बोळे घट्ट बसवले. मी हँडल सावकाश फिरवलं. ज्या सिलिंडरमध्ये हवा दाबली जाईल त्याचा बोळा उडणार, आणि ज्या क्रमानं बोळे उडतील तोच ठिणगीचा क्रम. यात बार नाही, जाळ नाही, फक्त फट् असा आवाज. पहिला उडाला. मी आणखी फिरवलं. दुसरा. मग चौथा, तो बाबांच्या कपाळावर बसला. मग तिसरा. बाबा खाली बसले आणि म्हणाले, "वीस वर्सां चुकलंय नाय मी, म्हणान आज भाजलंय." हे एवढं आधी करायला पाच मिनिटं लागली असती. बाबांना ते येत होतं, फक्त गरज वाटली नव्हती.

मी वायरी नव्या क्रमानं लावल्या. पण चालू करून बघायचं कुठे? मी म्हटलं, एकदा बघू, आता बार होणार नाही. बाबांनी मान हलवली. "फौजदाराक नाय भियत मी. पण माजा चुकला तर ती राण्यांची बायल परत खाली येयत." म्हणून ट्रॅक्टर एकदाही चालू न करता समुद्रावर न्यायचा ठरलं. चालला तर तिथेच चालणार होता, सगळ्यांसमोर, भरतीच्या तासाभरात.

पौर्णिमेच्या सकाळी तेच रेतीचे बैल जुंपले. जमावबंदी पुन्हा लागलेली. पाच माणसं एकत्र दिसली की पकडत. गाडीवान, बाबा, हिरूबाय आणि तिचा दीर, झाले चार. पाचवी मी, म्हणून मला समोरच्या फुटपाथवरून एकटीनं चालायला सांगितलं, ओळख न दाखवता. लोखंडी चाकांचा खडखडाट साऱ्या रस्त्याला ऐकू जात होता, आणि मी आपली पलीकडून वाण्याच्या दुकानात काही घ्यायला निघाल्यासारखी. एल्फिन्स्टनच्या पुलाशी दोन शिपायांनी गाडी अडवली. मला तिथे थांबताही येईना. मी पुढे चालत राहिले, मागे वळून न बघता, दोनदा निसटलेली चप्पल तशीच पायानं ओढत. बऱ्याच वेळानं मागून खडखडाट पुन्हा सुरू झाला. तेव्हा कुठे मी चप्पल नीट घातली. शिपायांना काय सांगितलं ते हिरूबायनं कधी सांगितलं नाही, पण तिची टोपली रिकामी होऊन आली होती.

कोळीवाड्यात पोचलो तेव्हा पाणी चढलेलं होतं, दुपार व्हायची होती. होडी पाण्याच्या काठाशी तरंगत होती, पुढे ओंडके मांडलेले, त्यांना माशाचं तेल चोपडलेलं. बाबांनी ट्रॅक्टर वरच्या कडक जमिनीवर उभा करवला, दोर कप्पीतून घेऊन होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बांधला. पण माणसांचा आमच्यावर विश्वास नव्हता आणि मी त्यांना दोष देत नाही. भरती काही आमच्यासाठी थांबणार नव्हती. वीस जण दोरावर उभे राहिले, पाच जण मागे खांदा लावून, आणि मधोमध पांडू, कमरेएवढ्या पाण्यात. त्यानं डोक्याला फडकं बांधलं होतं.

हँडल कुणी मारायचं? दोघं पुढे आले, हिरूबायनं त्यांना बाजूला सारलं. कासोटा घट्ट केला आणि स्वतः हँडल धरलं. बाबांनी तिला सांगितलं, अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेव, आत घेऊ नको, उलट फिरलं तर मोडेल. मी आसनाशी. तिनं एक फेरा मारला. काही नाही. दुसरा. काही नाही. तिसऱ्याला मी डोळे मिटून घेतले, जाळाची वाट बघत. जाळही नाही, बारही नाही, काहीच नाही. खालून कुणीतरी हसलं. कुणीतरी ओरडलं, "पानी उतराय लागंल, चला!" मी वायरी तपासल्या, एक, दोन, चार, तीन, बरोबर. प्लग बरोबर. मग हात पेट्रोलच्या टाकीखालच्या तोटीवर, कॉकवर, गेला. कॉक बंद. वाटेत गळू नये म्हणून सकाळी मीच बंद केलेला. मी उघडला. कुणाला सांगितलं नाही. बाबांना मरेपर्यंत सांगितलं नाही, आज पहिल्यांदा लिहिते आहे. "मावशे, आणखी एकदा," मी म्हटलं. हिरूबायनं माझ्याकडे बघितलं, हातावर थुंकली आणि सगळं अंग घालून हँडल वर ओढलं.

इंजिन लागलं. एक झटका, दोन, आणि मग धडधड धडधड, एका लयीत, न अडखळता. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि हात बांधलेले असल्यामुळे त्यांना ते पुसता येईना. मी आसनावर चढले, कारण पायांनी क्लच दाबणं आणि हातानं गिअर टाकणं हे दोन्ही त्यांना एकट्याला जमणारं नव्हतं. पण मागची माणसं होडीपासून हलेनात. रिवाज तो रिवाज. दोर ताणला जाणार, आणि पांडू मधोमध उभाच. तेव्हा हिरूबाय उतारावरून धावत पाण्यात गेली. पांडूला दंडाला धरून खेचलं, तो हिसडा देत होता, तिनं त्याला सगळ्यांसमोर एक थोबाडीत दिली. "घरचा मानूस मागं नाय रावनार," ती ओरडली. "कोनाच्याच घरचा नाय रावनार! व्हा बाजूला सगली!" आणि ती माणसं बाजूला झाली. मी क्लच सोडला. दोर दगडासारखा ताठ झाला, होडी कण्हली, मग ओंडक्यांवर चढली आणि वर यायला लागली. आवाज फक्त इंजिनाचा. तिच्या मागे कुणीही नव्हतं, नुसतं पाणी. चाळीस पावलं मी तो ट्रॅक्टर चालवला आणि सगळा वेळ मान वळवून त्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

होडी वर आली, खाली अडसर ठोकले, पोरांनी आरोळ्या दिल्या. बाबा म्हणाले, "बंद कर आता." मी कॉककडे हात नेला, तर तो हिरूबायनं धरला. ती कधी वर आली मला कळलंच नव्हतं. ओलीचिंब, चेहरा दगडासारखा. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "बंद नको करूस गो. थोरा वेल चालू दे." आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला टेकून, वाळूत पाय पसरून बसली आणि तोंड उघडून रडायला लागली. नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती, हे मला पांडूनं नंतर सांगितलं. तिचा आवाज कुणालाही ऐकू येत नव्हता, मलासुद्धा नाही, फक्त तिचे खांदे दिसत होते. मी इंजिन रॉकेलवर घेतलं, वेग थोडा वाढवला आणि टाकी कोरडी होईपर्यंत तिथून उठले नाही.